सायकलवर गोंदिया: सफारीशिवाय काय दिसेल?

प्रश्न: दादा, आम्ही दोघं मित्र डिसेंबरात सायकलनं गोंदिया जिल्ह्यात फिरणार, चार दिवस रमतगमत. सफारीचं बुकिंग नाही मिळालं, मग काही दिसेल का?

उत्तर: अरे भाऊ, भरपूर दिसते! गोंदिया म्हणजे तलावांचा जिल्हा, जुने मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांनी (जुन्या जमीनदारांनी) बांधलेले, अन् गावोगावच्या बोड्या, म्हणजे लहान तळी. पहाटे परसवाड्याच्या तलावाकडं जा, नशीब असलं तर सारस पक्षी दिसेल, उभा राहिला की जवळपास माणसाएवढा, राखाडी अंग, लाल डोकं, जोडीनं धानाच्या बांधीत (बांध घातलेल्या शेतात) दाणे टिपत असतो अन् मधेच मान वर करून दोघं असे ओरडतात की लांबवर ऐकू जाते. तेव्हा सायकल रस्त्यावरच थांबवा, बांधीत उतरू नका, पीक शेतकऱ्याचं आहे अन् पक्षीही बुजतो. सायकलचा फायदा हाच, इंजिनचा आवाज नाही म्हणून पाखरं लवकर उडत नाहीत. पुढं नवेगावबांधच्या तलावावर जा, हिवाळ्यात तिथं परदेशी बदकं उतरतात, दुर्बीण हवीच.

एक मात्र ऐका, जंगलाकडच्या रस्त्यावर अंधार पडायच्या आत मुक्कामाचं गाव गाठा, वाघ अन् अस्वल दोन्ही आहेत. बाभळीच्या काट्यांनी पंक्चर होतेच, दोन ट्यूब जास्तीच्या घ्या.