बोट आवडली, पण पैसे कंपनीला द्यायचे आहेत

नाशिकहून एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आलं आहे. वय ६४, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शन चालू, घर स्वतःचं. मे महिन्यात ते आणि त्यांच्या पत्नी सिंगापूरहून एका नव्या क्रूझ कंपनीच्या बोटीने चार रात्रींची सफर करून आले. उतरायच्या आदल्या संध्याकाळी बोटीवरच्या बुकिंग काउंटरवर त्यांना सांगितलं गेलं, की पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीतल्या सफरीचे सगळे पैसे जूनअखेर भरले तर वीस टक्के सूट मिळेल. त्यांना मुलगी, जावई आणि दोन नातवंडांसह सहा जणांनी जायचं आहे. तीन खोल्यांचे ५ लाख २५ हजार होतात, सूट धरून ४ लाख २० हजार. त्यासाठी पोस्टातलं ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं १५ लाखांचं खातं मोडावं का, असं त्यांनी विचारलं आहे. खातं उघडून सव्वादोन वर्षं झाली आहेत.

नमस्कार सर,

पत्र दोनदा वाचलं. एकदा आकड्यांसाठी, आणि एकदा त्यातल्या एका परिच्छेदासाठी. पहाटे साडेपाचला तुम्ही दोघं डेकवर उभे होतात, मलाक्काच्या सामुद्रधुनीत मालवाहू जहाजांची रांग लागली होती आणि वहिनी हातातला चहाचा कप विसरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चार दिवस झाले, मी गॅसपाशी गेले नाही." सदतीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा घडलं, असं तुम्ही लिहिलंय. अशा सफरीला उधळपट्टी म्हणणाऱ्यांतला मी नाही. तेव्हा जावं की नाही हा प्रश्न माझ्यापुरता मिटला आहे. जरूर जा. प्रश्न आहे तो पैसे कुठून काढायचे, कधी द्यायचे आणि कुणाच्या भरवशावर द्यायचे याचा.

आधी पोस्टाचं खातं. या योजनेत १५ लाखांतून चार लाख तेवढे काढून घेता येत नाहीत, मुदतीआधी पैसे हवे असतील तर सगळं खातंच बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटली असल्याने मुद्दलाच्या १ टक्का, म्हणजे १५ हजार कापले जातील. ४ लाख २० हजार बोटीला गेले की उरतात १० लाख ६५ हजार. ते पुन्हा त्याच योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तरी आज दर तिमाहीला येणाऱ्या ३०,७५० रुपयांच्या जागी साधारण २१,८०० येतील. वर्षाला पस्तीस हजारांहून जास्त उत्पन्न कमी झालं, आणि ते फक्त एका वर्षापुरतं नाही. शिवाय पाच वर्षांची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायची आणि त्या दिवशी जो दर असेल तो घ्यायचा. तुमचा आजचा ८.२ टक्के दर खात्याची मुदत संपेपर्यंत पक्का आहे. तो आपण होऊन सोडू नका.

आता ती सूट. कागदावर १ लाख ५ हजार वाचतात. त्यातून मोडण्याचे १५ हजार गेले. पैसे सोळा महिने आधी दिल्याने बुडणारं व्याज सुमारे ४६ हजार. हाती राहिले ४४ हजार. फायदा आहे, नाही असं मी म्हणणार नाही. पण या ४४ हजारांसाठी ४ लाख २० हजार सोळा महिने एका नव्या कंपनीकडे ठेवायचे आहेत, कसलंही तारण न घेता. असे नऊ सौदे सुरळीत पार पडले आणि दहावा बुडाला, तर नऊंची कमाई त्या एकात संपते.

बुडण्याची भाषा कशाला, असं तुम्हाला वाटेल. बोट तर तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे, अठरा मजली, झगमगती, माणसांनी भरलेली. खरी गोष्ट इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बोट आणि कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं मन बसलंय बोटीवर आणि पैसे जाणार आहेत कंपनीकडे.

आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. एप्रिल २०१९ मध्ये जलेश क्रूझेस ही भारतीय कंपनी मोठ्या थाटात सुरू झाली, 'कर्णिका' नावाची बोट घेऊन. बोट १९९० सालची, इटलीत बांधलेली, आधी पाच वेगळ्या नावांनी जगभर फिरलेली. बोटीत खोट नव्हती. पण कोरोना आला, फेऱ्या थांबल्या, देणी थकली. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने बोट विकली गेली आणि २०२० संपायच्या आत ती अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला लागली. आता दुसरी बोट पाहा. तीही १९९० चीच, फ्रान्समध्ये सां-नझेरला बांधलेली. सप्टेंबर २०२१ पासून ती 'एम्प्रेस' या नावाने कॉर्डेलिया क्रूझेससाठी मुंबईहून फिरते आहे. दोन्ही बोटी एकाच वयाच्या. फरक पडला तो मागे उभ्या असलेल्या पैशामुळे आणि काळामुळे.

सिंगापूरलाही असंच घडलंय. जानेवारी २०२२ मध्ये गेंटिंग हाँगकाँग ही बडी कंपनी कोलमडली आणि तिची ड्रीम क्रूझेस बंद पडली. पण तिचीच 'गेंटिंग ड्रीम' ही बोट त्याच वर्षी जूनमध्ये रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या नव्या कंपनीकडून त्याच सिंगापूरहून पुन्हा सुटली. त्याच समूहाच्या जर्मनीतल्या गोदीत एक प्रचंड बोट अर्धवट पडून होती. ती डिस्नेने घेऊन पुरी केली आणि सिंगापूरला आणली. तिची पहिली फेरी १५ डिसेंबर २०२५ ची जाहीर झाली होती, ती १० मार्च २०२६ वर गेली. डिस्नेसारख्या कंपनीलाही वेळापत्रक पुढे ढकलावं लागलं. तुमची फेरी अशी तीन महिने पुढे गेली तर नातवंडांची दिवाळीची सुट्टी संपलेली असेल आणि विमानाची तिकिटं हातात असतील. नव्या कंपनीच्या बाबतीत मला पैसे बुडण्याइतकीच या सरकणाऱ्या तारखांची काळजी वाटते, कारण हे जास्त वेळा घडतं.

कंपनी अडचणीत आली तर प्रवाशाचा नंबर कुठे लागतो, हेही सांगतो. कोर्टाने बोट विकली की त्या पैशावर आधी खलाशांच्या थकलेल्या पगारासारखे हक्क येतात, मग बोट गहाण ठेवून घेतलेली बँक. आगाऊ तिकीट काढलेला माणूस विनातारण घेणेकऱ्यांच्या रांगेत, बराच मागे. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट विमान कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा तिकीट काढलेल्यांचे पैसे कसे अडकले, ते आठवत असेल. अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेणाऱ्या क्रूझ कंपनीला सफर रद्द झाल्यास पैसे परत करण्याची ऐपत आधी दाखवावी लागते, तसा तिथे कायदाच आहे. नाशिकमध्ये बसून सिंगापूरच्या कंपनीला पैसे पाठवणाऱ्या तुमच्यामागे तो कायदा उभा नाही. प्रवासविमा यातून वाचवेल असंही धरून चालू नका. कंपनी बुडाल्याचं नुकसान पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच मिळतं.

आता खर्चाचा आकडा. ४ लाख २० हजार हा फक्त बोटीचा खर्च आहे. मुंबई-सिंगापूर विमानाची सहा तिकिटं दिवाळीच्या गर्दीत पावणेदोन लाखांच्या खाली धरू नका. सहा व्हिसा, सहा विमे, बोटीच्या आदल्या रात्रीचं सिंगापूरचं हॉटेल. पोर्ट चार्जेस आणि टिप्स त्या रकमेत आहेत का, हे तुमच्या कागदावरून कळत नाही. पुष्कळ कंपन्या ते वेगळे लावतात, आणि सूट मूळ भाड्यावरच असते.

तुम्ही बोटीवरचं शेवटचं बिल सोबत जोडलंत हे फार बरं केलंत. मी ते ओळीओळीने पाहिलं. वाय-फाय. पेनांगची बसची सहल. एका वेगळ्या उपाहारगृहातलं रात्रीचं जेवण. जिन्यापाशी काढलेले दोन फोटो. तीन ताज्या रसांचे ग्लास, कारण बुफेतलं पाणी आणि चहा फुकट असला तरी रस फुकट नव्हता. एकूण ३२० सिंगापूर डॉलर, म्हणजे बावीस हजारांच्या आसपास, आणि त्यावर कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. हा दोघांचा खर्च, आणि तुम्ही दोघं मोजूनमापून खर्च करणारी माणसं आहात. सोबत दहा आणि तेरा वर्षांची नातवंडं असली की आजोबा "नको" म्हणतील असं मला वाटत नाही. सगळं धरून सहा जणांची सफर सात लाखांपर्यंत जाईल. तुमच्या पत्रात आकडा आहे ४ लाख २० हजारांचा. मधली तफावत कुठून भरणार? तीन लाखांच्या एफडीतून, आणि मला त्याचंच भय वाटतं, कारण ती एफडी वहिनींच्या गुडघ्यासाठी आहे.

पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, तुम्ही सहज लिहून गेलात: डॉक्टर म्हणतात वर्षभरात ऑपरेशन करावं लागेल. सर, ही ओळ सगळ्यात आधी यायला हवी होती. आरोग्यविमा पाच लाखांचा आहे ते ठीक, पण सांधेबदलासाठी बहुतेक पॉलिसींत दोन-तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. तुमचा पुरा झालाय का, ते पॉलिसीच्या कागदावर बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर नको. विमा लागू झाला तरी फिजिओथेरपी, घरी मदतीला बाई, कमोडची उंची वाढवणं, हे सगळं खिशातून जातं. ती एफडी हलवायची नाही. आणि बोटीवरचा दवाखाना फुकट नसतो, त्याचं बिल डॉलरात येतं. नव्याने ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन जाणार असाल तर तसं जाहीर करून घेतलेला विमा हवा.

मग मी काय करीन, ते सांगतो. खातं मोडणार नाही. तुमचं घर पेन्शनमध्ये चालतं आणि तिमाहीचं व्याज बचत खात्यात नुसतं पडून राहतं, असं तुम्हीच लिहिलंय. आजपासून पुढच्या दिवाळीपर्यंत व्याजाचे निदान पाच हप्ते येतील, १ लाख ५३ हजार. त्यात महिन्याला आठ हजार पेन्शनमधून टाका, सोळा महिन्यांत १ लाख २८ हजार. झाले २ लाख ८१ हजार, मुद्दलाला हात न लावता. एवढ्यात तुम्ही दोघं सूट नसलेल्या भावाने, बाल्कनीच्या खोलीत, विमानासकट जाऊन येता.

आणि मुलगी-जावई? इथे मी हिशेबापलीकडचं बोलतोय, राग मानू नका. दोघं पुण्यात चांगल्या नोकरीला आहेत. "मुलीकडून पैसे कसे घ्यायचे" हा तुमचा संकोच मला कळतो, माझ्या घरीही तेच वातावरण होतं. पण त्यांनी स्वतःची तिकिटं काढणं म्हणजे तुम्ही मुलीचं खाणं नव्हे. आईवडलांनी आपली म्हातारपणाची पुंजी मोडून आपल्याला फिरवलं, हे तिला नंतर कळलं तर तिला काय वाटेल, याचाही विचार करा. नातवंडांची हौस तुम्ही पुरवा, दोघांचा पेनांगचा दिवस आजोबांकडून. सगळ्यांना एकत्रच जायचं असेल तर मुंबईहून निघणारी सफर बघा. विमान नाही, व्हिसा नाही, बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर नाशिकहून गाडीने जाता येतं. सहा जणांचा खर्च बराच खाली येईल.

तरी एक गोष्ट राहतेच. वहिनींना काय हवंय? पत्रात त्यांचं एकच वाक्य आहे, गॅसचं. सहा जणांच्या सफरीत नातवंडांचे कपडे, धाकट्याचं खाणं, कुणाला बोट लागली तर रात्रभर जागणं, हे कुणाकडे येईल ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना एकदा निवांत विचारा, मुलीसमोर नको.

मुदत जूनअखेरची आहे, म्हणून या आठवड्यात एवढं करा. कंपनीला ई-मेल लिहा: पूर्ण पैसे न भरता एका खोलीची अनामत भरून जागा धरता येते का? अनामत किती, आणि आम्ही रद्द केलं तर ती परत मिळते का? उरलेले पैसे निघायच्या किती दिवस आधी भरायचे? तारीख तुम्ही बदललीत तर रोख परत देता की पुढच्या सफरीचं कूपन? बऱ्याच क्रूझ कंपन्या अनामत घेऊन बाकी पैशांसाठी निघायच्या दोन-तीन महिने आधीपर्यंत थांबतात, त्यामुळे हे विचारण्यात वावगं काही नाही. अनामत भरायचीच झाली तर क्रेडिट कार्डाने भरा. सेवा मिळालीच नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे ठरावीक मुदतीत व्यवहारावर हरकत घेता येते, बँकेतून थेट पाठवलेल्या पैशांना ती सोय नाही. त्यांचं उत्तर आलं की मला पाठवा, आणि सोबत आरोग्यविम्याच्या पॉलिसीचं प्रतीक्षाकाळाचं पान. दोन्ही बघून मी सांगतो.