आईची बायपास झाली आहे, फिजिओ घरी येतात. मग ऑक्युपेशनल थेरपी वेगळी कशाला?

तुमचा प्रश्न असा: ठाण्यात राहता, आईची (वय ५८) बायपास होऊन पाच आठवडे झाले, फिजिओ घरी येऊन चालवून जातात, तरी डिस्चार्जच्या कागदावर ऑक्युपेशनल थेरपी लिहिलीय. ती कशासाठी, आणि आईला स्वयंपाकघरात कधी जाऊ द्यायचं?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, ठाण्यातच घरोघरी जाऊन काम करते. थेरपी नक्की घ्या. आणि जखम नीट भरत असेल, सर्जननी वेगळं काही सांगितलं नसेल, तर स्वयंपाकघरात तिला उद्यापासूनच जाऊ द्या. मात्र काय करायचं आणि कसं, ते ठरवून.

मराठीत आमच्या विषयाला व्यवसायोपचार म्हणतात आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. ‘आई नोकरी करत नाही, मग तिला हे कशाला?’ असं मला किती घरांत विचारलं जातं. इथे व्यवसाय म्हणजे माणूस उठल्यापासून झोपेपर्यंत जे जे करतो ते सगळं: अंघोळ, वेणीफणी, कुकर, देवपूजा, जिना, बाजार. फिजिओ तिचा दम आणि ताकद वाढवतात. ती ताकद या कामांना कशी पुरवायची, कोणतं काम आधी घ्यायचं, कोणतं दोन महिन्यांनी, हे आम्ही बघतो. आपल्याकडे हा विषय काही नवा नाही. फलटणची बालभवन ही शाळा ज्यांच्या नावाने आहे, त्या कमला निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये याचं शिक्षण सुरू केलं. तरी अजून प्रत्येक घरात पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक उदाहरण सांगते. नौपाड्यातल्या एका काकूंकडे मी गेले तेव्हा त्यांच्या बायपासला सहा आठवडे झाले होते. मुलाबरोबर तलावपाळीला वीस मिनिटं सपाट चालून यायच्या, काही त्रास नाही. पण सकाळी अंबाडा घालताना धाप लागायची, छातीत धडधडायचं. ‘नुसते केस विंचरून दमते म्हणजे ऑपरेशन फसलं’ असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. मी त्यांना नेहमीसारखा अंबाडा घालायला लावला. आधी नाडी ७२ होती, शेवटची पिन खोचेपर्यंत ९६ झाली. तेवढ्या वेळात त्या दोनदा श्वास रोखून धरत होत्या, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

ऑपरेशन अजिबात फसलं नव्हतं. तेवढीच मेहनत पायांऐवजी हातांनी केली तर नाडी आणि रक्तदाब जास्त चढतात, आणि हात खांद्याच्या वर धरून ठेवले तर आणखी. त्यात उभं राहून, श्वास रोखून. मग आम्ही असं केलं: टेबलासमोर खुर्ची, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवलेली, मान थोडी खाली, केस एका खांद्यावर पुढे घेऊन सैल वेणी, मध्ये हात खाली ठेवून दोन-तीन श्वास. वेणी झाल्यावर नाडी ८२. काकू बराच वेळ आरशात बघत राहिल्या. पुढच्या वेळी गेले तर गजरा माळून बसल्या होत्या.

आता तुमच्या आईकडे येते. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापून तारेने बांधतात. ते नीट सांधायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर साधारण दोन-तीन किलोंच्या वर उचलायचं नाही (तुमच्या सर्जननी आकडा सांगितला असेल तर तोच पाळा) आणि एका हाताने जोर लावून ओढायचं-ढकलायचं नाही. कागदावर एवढंच लिहिलेलं असतं. पण घरातली बाई किलोत विचार करत नाही, म्हणून मी घरात फिरून एकेक वस्तू दाखवते. पाण्याची दोन लिटरची बाटली चालेल. वरणभाताचा भरलेला पाच लिटरचा कुकर नाही. पाण्याची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलोंच्या वर, ती तर नाहीच. कणीक मळताना अंगाचा सगळा भार हातांवर येतो, म्हणून मळून कोणीतरी द्यावी. लाटायला हरकत नाही, पण दोन-तीन पोळ्यांपासून सुरुवात. माळ्यावरचे डबे आणि उंच दांडीवरचे कपडे सध्या दुसऱ्याने. विळीवर खाली बसायची सवय असेल तर तीही थांबवा, कारण जमिनीवरून उठताना हातावर जोर येतोच. पलंगावरून उठतानाही आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून उठायचं. खोकला आला की उशी छातीशी कवटाळायची.

मेहनत मोजायला आम्ही मेट हे माप वापरतो. स्वस्थ बसल्यावर शरीराला लागणारा ऑक्सिजन म्हणजे १ मेट, दर किलो वजनाला मिनिटाला साधारण ३.५ मिली. बसून भाजी निवडणं, कपडे घालणं साधारण २, केर काढणं ३ किंवा थोडं वर, जिना ४ च्या पुढे. या चढत्या क्रमाने आईची कामं वाढवत न्यायची. पण घरी मेट कोण मोजणार? आणि बीटा-ब्लॉकरची (हृदयाचे ठोके मंद करणारी) गोळी चालू असेल तर नाडीही कमीच दिसते. म्हणून तिच्या जाणिवेवर भरवसा ठेवा. गुन्नार बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाची ६ ते २० अशी मोजपट्टी आहे: ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे आता अजिबात शक्य नाही. सध्या कामं ११ ते १३ मध्ये राहायला हवीत. काम करता करता पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर ठीक चाललंय.

अंघोळीला लोक हलकं समजतात, पण बंद दार, वाफ आणि कढत पाणी यांनी चक्कर येते. स्टूलवर बसून, कोमट पाण्याने, कडी न लावता. जेवणानंतर तासभर तरी अंघोळ नको, जिनाही नको. दोन कामांच्या मध्ये दहा मिनिटं बसायचंच, दम लागला नसला तरी.

तुम्ही लिहिलंय की तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही. तुमची माया समजते, पण यात तिचं नुकसान होतंय. पूर्वी डॉक्टरही हार्ट अटॅकनंतर माणसाला कित्येक आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवत. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली, आणि ते त्यांना मानवलं. सगळं हातात आणून दिलं की स्नायू ढिले पडतात, आणि आपण आता कशाच्याच कामाचे नाही हे मनात बसतं. ऑपरेशननंतर उदास होणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. आई गप्प गप्प असेल, झोप उडाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, चक्कर असं काही झालं तर काम तिथेच सोडून बसवा. थांबलं नाही तर १०८ ला फोन. छातीच्या हाडात कटकट आवाज, जखमेतून पाणी, ताप, किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढून पाय सुजले, तर त्याच दिवशी डॉक्टर.

थेरपिस्ट निवडताना राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. घरी कोणी मिळत नसेल तर शीव, नायर आणि केईएम या तिन्ही रुग्णालयांत हा विभाग आहे; ठाण्याहून शीव सोयीचं, गर्दीची वेळ टाळून जा. इको रिपोर्ट आणि डिस्चार्जचा कागद सोबत असू द्या.

उद्या सकाळी आईला एवढंच विचारा: कोणतं काम हातून सुटल्याचं तिला सगळ्यात जास्त लागतंय? माझ्या अनुभवात उत्तर फार छोटं असतं, आपल्या हाताने केलेला चहा, नाहीतर देवापुढची रांगोळी. त्यापासूनच सुरू करा: दूध-पाणी ओट्यावर काढून ठेवा, शेजारी खुर्ची ठेवा, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सूचना देऊ नका. तुमच्या इमारतीला जाळीच्या दाराची लिफ्ट असेल, तर ते दार मात्र अजून दीड-दोन महिने तुम्हीच ओढा.