मॉन्टेसरीबाईंचं नाणं : वाचकांचे प्रश्न

जळगाव-धुळ्याकडून महिनाभर तेच तेच प्रश्न येताहेत, म्हणून एकत्रच उत्तरं देतो.

भुसावळला माझी बालवाडी आहे. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींचं नाणं मुलांना दाखवायचंय. नेमकं कोणतं घेऊ?

ताई, नाणी दोन आहेत, घोळ तिथेच होतो. इटलीनं १९८० साली २०० लिरांच्या (लिरा म्हणजे तिथलं युरोआधीचं चलन) नाण्यावर बाईंचा चेहरा घेतला. ते सगळं एकाच पिवळ्या धातूचं. पुढे २०२० साली, त्यांच्या जन्माला १५० वर्षं झाली म्हणून, २ युरोचं नाणं निघालं. त्याला बाहेर पांढरं कडं, आत पिवळी चकती, वजन ८.५ ग्रॅम. लिरांची नाणी कोट्यवधी पाडली होती, ती स्वस्तात मिळतात. तेच घ्या आणि मुलांच्या हातात द्या. बाईंची सारी पद्धतच हाताळून शिकण्याची!

पिवळं आहे म्हणजे सोन्याचा अंश असेल?

नाही.

नाणं काळवंडलंय. चिंच लावून घासू का?

अजिबात नको! देवाच्या तांब्याला चालतं ते नाण्याला चालत नाही. आंबटानं पितळी भागातलं जस्त निघतं आणि तांबूस डाग उरतात. पावडरीनं घासलं तर बारीक ओरखडे उठतात, भिंगाखाली लगेच दिसतात. चोपड्याहून एकांनी असंच लखलखीत केलेलं युरोचं नाणं आणलं होतं. केसांच्या रेषांपर्यंत चेहरा गुळगुळीत झाला होता. संग्राहकाच्या लेखी ते नाणं संपलं. काळवंडलेलं राहू द्या, कडेला धरून उचला. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, हिरवट चिकट थर चढतो. आणि काहीही करण्याआधी जाणकाराला दाखवा. नंतर दाखवून उपयोग नसतो.

व्हॉट्सॲपवर या नाण्याचे ९ लाख देतो म्हणतात, आधी २,१०० रुपये नोंदणी मागतात. भरू का?

एक रुपयाही भरू नका. विकत घेणारा तुमच्याकडूनच पैसे का मागेल? जुन्या नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून शुल्क उकळलं जातंय, असं बँकेनंच २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय. पैसे गेले असतील तर आज, आत्ता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन लावा. ‘उद्या बघू’ म्हणेपर्यंत रक्कम चार खाती फिरून गायब होते.

परदेशी नाणी घरात ठेवणं गुन्हा आहे का?

नाही, त्यांना मर्यादाही नाही. परदेशातून मोठा साठा आणायचा असेल, तर मात्र आधी सीमाशुल्काच्या सल्लागाराला विचारा.