पहिलं सिम कुठलं घेऊ?

प्रश्न: ताई, बारावी झाली, आता पुण्याला हॉस्टेलवर राहायला चाललेय. आत्तापर्यंत सगळं बाबांच्या फोनवरच चालायचं, आता पहिल्यांदाच स्वतःचं सिम घ्यायचंय. चुलतभाऊ एका कंपनीचं घे म्हणतो, दुकानदार दुसरीचं, आणि बाबा म्हणतात एकदाच वर्षाचा रिचार्ज मारू म्हणजे कटकट नाही. गावाला आमच्या घरी बीएसएनएल सोडून कुणाचीच धड रेंज नाही. आणि आईच्या जुन्या बटणाच्या फोनचं काय करू?
– एक वाचक, ता. राजापूर

उत्तर: अगं, कुठली कंपनी भारी ते सोड, तुझ्या हॉस्टेलच्या खोलीत कुणाची रेंज येते ते आधी बघ. गेटवर फुल दांड्या दाखवणारं सिम आत जाऊन दार लावलं की कॉल कट करतं, हे पुण्यात पण होतं. कंपन्यांच्या साइटवर कव्हरेजचे नकाशे असतात ते बघ जरूर, पण जास्त विश्वास तिथं आधीपासून राहणाऱ्या मुलींवर ठेव, रात्री सगळ्या नेटवर असतात ना, तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेल्या दोघीतिघींना खोलीत बसूनच व्हिडिओ कॉल लावायला सांग, लगेच कळेल.

वर्षाच्या रिचार्जला बाबांना सध्या थांबव. सिम जमलं नाही तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, पोर्ट असं इंग्रजीत लिहून, स्पेस देऊन, आपला नंबर टाकून १९०० ला एसएमएस करायचा, कोड येतो, तो नव्या कंपनीला द्यायचा. पण त्याआधी जुन्या कंपनीत ९० दिवस झालेले लागतात, आणि उरलेली व्हॅलिडिटी नव्या कंपनीत येत नाही, ते पैसे गेलेच. म्हणून पहिले तीन महिने छोटेच रिचार्ज मार, मग पटलं तर खुशाल वर्षाचा घ्या. तेव्हा हिशोब मात्र नीट करा, २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे महिना नाही, वर्षाला १२ नाही १३ रिचार्ज होतात, आणि ८४ दिवसांचे चार मारले तरी ३३६ दिवसच भरतात. किमतीला दिवसांनी भागा आणि मगच तुलना करा.

हॉस्टेलला वायफाय असेल तर रोज दोन-अडीच जीबी कशाला हवाय? अनलिमिटेड ५जी सगळ्या प्लॅनवर मिळत नाही, आणि फोनच ४जी असेल तर त्याचा उपयोगही नाही, त्यामुळे दुकानदार काय सांगतो त्यापेक्षा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये प्लॅन उघडून वाच.

आणि १८ पूर्ण असशील तर सिम स्वतःच्याच नावावर घे, बँक, आधार, कॉलेज सगळं याच नंबरला जोडलं जाणारे. दुकानात आधारला अंगठा लावताना "लागला नाही, परत लावा" म्हणाले तर स्क्रीन दाखवायला सांग, त्यात लाज कसली, अशा वेळी तुझ्या नावावर दुसरंच सिम काढून विकायचे प्रकार झालेत. घरी आल्यावर सरकारच्या दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' साइटवर तुझ्या नावावर किती नंबर आहेत तेही बघून घे.

गावासाठी फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये बीएसएनएलचं स्वस्तातलं सिम टाक. फक्त ते विसरू नकोस, ९० दिवस नंबर अजिबात वापरला नाही तर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो.

आईचं सोपं आहे. नेट लागत नाही ना त्यांना, मग नेटचे पैसे भरू नका, २०२५ पासून नुसत्या कॉल आणि एसएमएसचे प्लॅन मिळतात, ते दुकानदार आपणहून दाखवेल असं नाही, तू मागून घे. कंपनी मात्र बदलू नका, घरी बीएसएनएलच लागतं तर तेच राहू दे. जिओ तर त्या फोनमध्ये चालणारच नाही, तो २जीचा असेल तर, कारण जिओचं २जी नाहीच.