गोठ्यातील कॅमेरा : आधी जोडणी, मग खरेदी

कॅमेरा विकत घेण्यापूर्वी गोठ्यात उभे राहून मोबाईलची रेंज तपासा, कारण पत्र्याचे छप्पर सिग्नल अडवते आणि बाहेर उत्तम चालणारे सिमकार्ड आत निरुपयोगी ठरू शकते. घरी ब्रॉडबँड असेल आणि तिथून गोठा सरळ दिसत असेल, तर दोन्हीकडे वायरलेस ब्रिज (तारेविना घरचे इंटरनेट गोठ्यापर्यंत नेणारी उपकरणांची जोडी) बसवणे मला सिमच्या राउटरपेक्षा केव्हाही अधिक भरवशाचे वाटते. मात्र मध्ये उसाचा फड असल्यास पूर्ण वाढलेल्या उसाची उंची धरूनच खांब उभारावा. १०० मीटरच्या आत साधी लॅन केबल पुरते.

सिमवरच भागवायचे असल्यास डेटाचा हिशेब आधी करा. २ एमबीपीएसचे (सेकंदाला २ मेगाबिट) चित्रण अखंड पाठवले, तर दिवसाला सुमारे २१ जीबी खर्ची पडतात. म्हणून चित्रण मेमरी कार्डावर साठवून हवे तेव्हाच मोबाईलवर पाहावे.

कॅमेऱ्याच्या काचेसमोर कोळ्याने जाळे विणले, की रात्री इन्फ्रारेड प्रकाशात ते पांढरेशुभ्र चमकते, मागची गाय दिसेनाशी होते आणि हालचालीच्या खोट्या सूचना येत राहतात, तेव्हा काच व भोवतालचा कोपरा दर आठवड्याला मऊ फडक्याने पुसावा. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्याच, आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.