वसतिगृहात राहणाऱ्या कॅथलिक विद्यार्थ्याने उपवासकाळ कसा पाळावा?

आपण पुण्यातील वसतिगृहात राहता, मेसचे जेवण ठरलेले असते आणि अशा ठिकाणी उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचा सुमारे चाळीस दिवसांचा काळ) पाळणे जमेल का, असा आपला प्रश्न आहे. नियम वाटतो तितका कठीण नाही. कडक उपवासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे (2026 मध्ये 18 फेब्रुवारी आणि 3 एप्रिल). 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्या व्यक्तीने त्या दिवशी एकदाच पोटभर जेवावे आणि उरलेल्या दोन वेळा थोडेसेच खावे. मांस वर्ज्य करण्याचा नियम मात्र 14 वर्षे पूर्ण झाल्यापासून लागू होतो. मासे, अंडी, दूध चालते.

खरी अडचण अशी की अनेक मेसमध्ये चिकनचे वार नेमके बुधवार आणि शुक्रवार हेच असतात. मेसवाल्या काकांना आदल्या दिवशी ‘उद्या उपवास आहे’ एवढेच सांगितले, तर ते प्रेमाने साबुदाण्याची खिचडी पुढे करतात, आणि तीही ताट भरून! म्हणून ‘मटण-चिकन नको, वरण-भात चालेल’ असे स्पष्ट सांगावे. आजारी असल्यास सूट आहे.

शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेसाठी, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची चौदा स्थाने आठवत केलेल्या प्रार्थनेसाठी, क्वार्टर गेटचे सिटी चर्च आहे; ते पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभे आहे. तिथवर जाणे जमले नाही, तर चौदा स्थाने खोलीतही म्हणता येतात. वाचलेले खानावळीचे पैसे दानपेटीसाठी वेगळे ठेवावेत, कारण दान हा या काळाचाच भाग आहे.