स्वतःशी मैत्री की स्वतःच्या ठायी मैत्री?

घाटकोपरच्या एका तरुण वाचकाने विचारले आहे की, गोराईच्या दहा दिवसांच्या विपश्यना ध्यानशिबिरात शेवटच्या दिवशी सर्वांचे भले चिंतण्याची जी ‘मेत्ता’ शिकवली जाते, तिला मराठीत नेमके काय म्हणावे? मोबाइलवरच्या भाषांतरात त्याला ‘प्रेमळ दयाळूपणा’ असा शब्द मिळाला आणि तो त्याच्या कानाला खटकला. ‘मैत्री’ म्हणावे तर मैत्रीला दोन माणसे लागतात; मग ‘आधी स्वतःला मैत्री द्या’ हे वाक्य मराठीत चुकीचे नाही का, अशी त्याची दुसरी शंका आहे.

‘प्रेमळ दयाळूपणा’ हा शब्द खटकला हे योग्यच झाले. मराठीत दया वरून खाली येते. देव भक्तावर दया करतो, फाशीची शिक्षा झालेला कैदी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करतो. दया करणारा आणि ती मागणारा एका पायरीवर कधीच नसतात. स्वतःच्या बाबतीत तर हा शब्द अगदी उलट्या जागी नेतो, कारण ‘मला माझीच दया आली’ याचा मराठीतला अर्थ स्वतःची कीव करणे एवढाच होतो. शिवाय दयेला समोर दुःख लागते. बौद्ध परंपरेत दुःख पाहून हलणाऱ्या मनाला ‘करुणा’ असे वेगळे नाव आहे. मेत्ता सुखी माणसाबद्दलही असते.

शब्द म्हणून ‘मेत्ता’ परका नाहीच. संस्कृत ‘मैत्री’चे हे पाली, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेतले, रूप आहे. ‘ऐ’चा ‘ए’ झाला, ‘त्र’चा ‘त्त’ झाला. पुत्राचा ‘पुत्त’ आणि पुढे आपल्याकडे ‘पूत’ झाला, त्याच वाटेने. बुद्धघोष या बौद्ध आचार्याने पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात या शब्दाची एक फोड दिली आहे: ‘मेज्जतीति मेत्ता, सिनिय्हतीति अत्थो’, म्हणजे जी ओलावते, स्निग्ध होते ती मेत्ता. मराठी माणसाला ही फोड समजावून सांगावी लागत नाही, कारण आपल्या ‘स्नेह’ शब्दात तेल आणि माया दोन्ही आहेत आणि संक्रांतीला हातावर तीळगूळ ठेवताना आपण तोच अर्थ हाताने सांगत असतो.

मग ‘मैत्री’ म्हणताना अडखळायला का होते? माझ्या मते अडचण नामात नसून त्याला जोडलेल्या प्रत्ययात आहे. आजच्या मराठीत मैत्रीबरोबर ‘शी’ येतो: शेजारणीशी मैत्री झाली, तिच्याशी मैत्री तुटली. या ‘शी’मध्ये देवाणघेवाण गृहीत असते, समोरच्याने प्रतिसाद दिला नाही तर मैत्री झालीच नाही असे आपण म्हणतो. मेत्तसुत्तातली, म्हणजे मेत्तेवरच्या बुद्धवचनातली, ओळ मात्र अशी आहे: ‘मेत्तञ्च सब्बलोकस्मिं मानसं भावये अपरिमाणं’. ‘सब्बलोकस्मिं’ ही सप्तमी आहे, म्हणजे सर्व लोकांच्या ठायी मैत्रीचे अमर्याद मन वाढवावे. येथे समोरच्याच्या होकाराची वाट पाहिलेली नाही. म्हणून ‘स्वतःशी मैत्री’ ऐकताना माणूस दुभंगल्यासारखा वाटतो, पण ‘स्वतःच्या ठायी मैत्री’ किंवा साध्या बोलण्यात ‘स्वतःविषयी मैत्री’ म्हटले की वाक्य ताळ्यावर येते.

‘मैत्री देणे’ हा प्रयोग मलाही पूर्वी चुकीचा वाटत असे. नायगावच्या एका विहारात रविवारच्या वंदनेनंतर मी ‘मैत्री करायची’ असे म्हणाले, तेव्हा शेजारी बसलेल्या आजींनी मला हलकेच थांबवले. “करायची म्हटलं की समोरच्यानं पण करायला पाहिजे, बाई. द्यायची म्हण. दिली की आपलं काम झालं.” मी प्रत्ययाच्या अंगाने वर जे लांबण लावून सांगितले, ते त्यांनी एका क्रियापदात सांगितले होते. तेव्हापासून ‘मैत्री देणे’ हा मी साधकांच्या मराठीने घडवलेला, पूर्णपणे शुद्ध प्रयोग मानते.

आधी स्वतःला का, याचे उत्तर बुद्धघोषाच्या क्रमात आहे. आरंभ स्वतःपासून, मग आदरणीय व प्रिय व्यक्ती, मग जिच्याविषयी काही वाटत नाही अशी व्यक्ती आणि शेवटी वैरी. स्वतःला पहिले स्थान आहे ते साक्षीदार म्हणून: मला जसे सुख हवे आणि दुःख नको, तसेच इतरांनाही, हे पटवून देणारा पहिला पुरावा आपण स्वतःच असतो. ‘उदान’ या पाली ग्रंथातल्या कथेत राजा पसेनदी मल्लिका राणीला विचारतो की, तुला स्वतःहून प्रिय असे कोणी आहे का. ती ‘नाही’ म्हणते आणि राजाही आपल्याबद्दल तेच कबूल करतो. बुद्ध त्यांना दोष देत नाहीत. प्रत्येकालाच आपला जीव असा प्रिय आहे, म्हणून स्वतःचे हित इच्छिणाऱ्याने दुसऱ्याला दुखवू नये, असे ते सांगतात. याच ठिकाणी ‘स्वतःचे लाड’ आणि ‘स्वतःविषयी मैत्री’ यांची गल्लत होते. बुद्धघोष द्वेषाला मैत्रीचा दूरचा वैरी म्हणतो आणि रागाला, म्हणजे आसक्तीला, जवळचा वैरी. जवळचा अशासाठी की तो दिसायला मैत्रीसारखाच असतो.

या क्रमातल्या तिसऱ्या, काही न वाटणाऱ्या व्यक्तीसाठी पालीत ‘मज्झत्त’ हा शब्द आहे. तो आपला ‘मध्यस्थ’च, पण आपण त्याला भांडण मिटवणारा करून टाकले आहे, मुळात तो ना आपला ना परका असा माणूस. मुंबईत असा माणूस शोधावा लागत नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये तीन जणींच्या बाकावर चौथी येऊन उभी राहते आणि “जरा सरकून घेता का?” म्हणते. तिचे नाव आपल्याला ठाऊक नसते आणि कळणारही नसते. तिला चार बोटे जागा देताना कपाळावर आठी येते की नाही, एवढेच तपासले तरी दिवसाचा अभ्यास होतो. मला हे रोज जमत नाही. मात्र ज्या दिवशी गाडी चुकल्यावर मी स्वतःला ‘बावळट’ म्हणालेली असते, त्या दिवशी ती आठी हमखास येते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मनात म्हणायची वाक्ये कोणती, हेही विचारले आहे. पालीत ‘अहं अवेरो होमि’ असे आहे. यातला ‘होमि’ आज्ञार्थही आहे आणि वर्तमानकाळही, त्यामुळे ‘मी निर्वैर व्हावे’ आणि ‘मी निर्वैर होतो’ हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. मराठीत ही सोय नाही. ‘मी सुखी होवो’ हे व्याकरणाला धरून नाही, कारण ‘होवो’ तृतीय पुरुषी आहे. ‘मी सुखी होऊ दे’ मध्ये कोणाकडे तरी परवानगी मागितल्याची छटा येते. ‘माझे मंगल होवो, तुझे मंगल होवो, सर्वांचे मंगल होवो’ ही रचना मला सर्वात निर्दोष वाटते, कारण कर्ता ‘मंगल’ राहतो आणि माझे, तुझे, सर्वांचे एकाच साच्यात बसतात.

हा शब्द केवळ ध्यानाच्या आसनापुरता नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले आहे. फ्रेंच क्रांतीने ज्याला बंधुता म्हटले, त्यासाठी तो शब्द अपुरा असून बुद्धाचा ‘मैत्री’ हाच योग्य शब्द आहे, असे त्यांनी लिहिले. करुणा माणसांपुरती आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी, अशी मांडणीही त्यांनीच केली. बंधुतेत ‘बंधू’ आहे, म्हणजे नाते गृहीत आहे. मैत्रीला नाते लागत नाही. आणि ज्ञानेश्वरांच्या पसायदानातले ‘भूतां परस्परें पडो । मैत्र जीवांचें’ ज्याने शाळेत हात जोडून म्हटले आहे, त्याला प्राणिमात्रांपर्यंत पोचणारी मैत्री नवी वाटू नये.

मूळ ‘मेत्ता’ शब्दच वापरायचा असेल तर खुशाल वापरावा. फक्त तो ‘करुणा’प्रमाणे आकारान्त स्त्रीलिंगी ठेवावा: मेत्तेचा सराव, मेत्तेने भरलेले मन. ‘मेत्ताचा सराव’ असे अलीकडे लिहिलेले दिसते, पण ‘करुणाचा सागर’ आपण म्हणत नाही.